गेराल्ट नाही, सिरी!

आज रविवार, रामबागेत ताईकडे जेवायला. वरण-भात, आमटी झाली आणि भाच्याने 'विचर ४' या येऊ घातलेल्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर लावला. डिसेंबर २०२४चा आहे, पण मी आजच नीट बघितला. गावातल्या एका पोरीला राक्षसासाठी बळी द्यायला नेतात. खेळाची नायिका सिरी राक्षसाला मारते, परत येते, तर पोरीला गावकऱ्यांनीच संपवलेलं असतं. ताई ताटं उचलता उचलता थबकली, म्हणाली, "अरे, हे गेम आहे की काय आहे?"

आधीच्या भागांचा नायक गेराल्ट जाऊन सिरी आली म्हणून बरेच जण चिडलेत. मला पटलं. गेराल्टची गोष्ट २०१५च्या तिसऱ्या भागात नीट संपली होती, म्हाताऱ्याला अजून किती पळवणार! (माझा आवाज जरा चढला, भावजींनी पडदा सरकवून बाहेर बघितलं.)

मग भाच्याने जून २०२५चा डेमो दाखवला. अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर चाललेला, साध्या प्लेस्टेशन ५वर सेकंदाला ६० फ्रेम. त्यातला कोव्हिर या खेळातल्या राज्यातला बाजार म्हणजे दिवाळीतला राजवाड्याचा बाजार, प्रत्येक माणूस आपापल्या कामात. अर्थात तो तंत्रज्ञानाचा डेमो होता, प्रत्यक्ष खेळ नव्हे. हा खेळ बनवणाऱ्या स्टुडिओचं आधीचं 'सायबरपंक' सुरुवातीला किती अडखळलं होतं तेही आठवतंय, त्यामुळे मी आगाऊ पैसे भरणार नाही.

२०२६ संपेपर्यंत तरी खेळ येणार नाही, असं कंपनीने सांगितलंय. भाचा म्हणतो, "मामा, तोवर माझी बारावी होईल." ताईला हे वेळापत्रक फारच आवडलं.