शेऱ्याचा रकाना

मोठ्या सरकारी खात्यातला कुठलाही जुना अर्ज घ्या. उजव्या कडेला एक चिंचोळा रकाना असतो: 'शेरा'. छापणाऱ्याने त्याला जेमतेम दोन बोटं जागा दिलेली, आणि खात्याचं निम्मं शहाणपण तिथेच कोंबलेलं. 'मूळ प्रत पाहिली.' 'नावात फरक, प्रतिज्ञापत्र घेतले.' 'मागील अर्जासोबत वाचावे.' घाईचं, तिरकं अक्षर, कधी समासात घसरलेलं.

अर्ज ऑनलाइन करायचा ठरला की पहिला बळी याच रकान्याचा. काम सुरू करावं ते मात्र इथूनच. वर्षभरातले १०० अर्ज काढावेत, भरलेले. त्यात त्रुटी लागून परत गेलेले हवेतच. सगळे शेरे उतरवून सारखे शेरे एकत्र लावावेत. एकच शेरा पंधरा-वीस वेळा आला, तर तो प्रश्न अर्जातच हवा होता. मग उरलेल्या प्रत्येक रकान्याची झडती: हा कोण वाचतं? इथलं उत्तर वेगळं असतं तर निर्णय वेगळा झाला असता का? फॅक्स क्रमांकासारखे कितीतरी रकाने या प्रश्नापुढे टिकत नाहीत. कुणी काढले नाहीत, एवढ्याच कारणाने ते राहिलेले असतात.

हे न करता कागदाची पीडीएफ केली की गंमत सुरू होते. अर्जदार ती छापतो, हाताने भरतो, स्कॅन करतो. फाइलचा आकार मर्यादेत बसवताना अक्षरं पुसट होतात, आणि पलीकडचा लिपिक तीच माहिती डोळे ताणून पुन्हा टाइप करतो. दुसरा हौसेचा प्रकार म्हणजे प्रत्येक रकाना सक्तीचा करणं. अडलेला माणूस तिथे टिंब टाकतो, दूरध्वनीच्या जागी ओळीने नऊ भरतो, जन्मतारीख ठाऊक नसली तर १ जानेवारी लिहून मोकळा होतो. कागदावर रिकामी जागा निदान रिकामी दिसायची!

माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर एक्सेलमधून जात असेल तर आणखी जपावं. सेल 'मजकूर' म्हणून ठरवला नसेल तर क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळतात, १५ अंकांनंतरचे अंक शून्य होतात, आणि ०५/०६ ही तारीख मे की जून हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओढली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी बाहेरच राहिल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

सह्यांचं दुखणं निराळं. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं, पण फाइल प्रत्येक टेबलावर दोन-दोन दिवस पडून राहते. सात सह्यांचे सात लॉगिन केले तर तीच फाइल आता पडद्यावर पडून राहते. कोणती सही निर्णयाची आणि कोणती नुसती 'पाहिलं'ची, हे आधी वेगळं काढावं; 'पाहिलं'वाल्यांना सूचना गेली तरी पुरते. आणि मंजुरीचा अधिकार माणसाच्या नावाला नव्हे, पदाला जोडावा. नाहीतर साहेब रजेवर गेले, चार्ज दुसऱ्याकडे आला, तरी फाइल साहेबांच्याच खात्यात अडकते. मग पासवर्ड चिठ्ठीवर लिहून शिपायाच्या हाती जातो.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर महिन्याभराने टेबलांवरून एक चक्कर मारावी. कीबोर्डशेजारी एखादी दोनशे पानी वही हमखास दिसते. तिच्यात अर्ज क्रमांक आणि पुढे तिरक्या अक्षरात दोन-तीन शब्द. रागावू नये. दोन दिवसांत परत करायच्या बोलीवर ती वही मागून घ्यावी.