मालक, गाणं कुठनं सुरू हुतंय?

संध्याकाळी सहाला लेथ बंद झाला की उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मी स्पीकर लावतो. परवा पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं १९६७चं काहीतरी लावलं होतं. पाच मिनिटं झाली तरी गिटार नुसती घुमतेच आहे. हाताखालचा पोरगा हात पुसत म्हणाला, "मालक, ह्यात गाणं कुठनं सुरू हुतंय?"

त्याचं काय चुकलं? मलाही त्यांच्या गाण्यांच्या आधी त्यांचं मशीन आवडलं होतं. मिलानमध्ये बनलेलं, आवाजाचा प्रतिध्वनी काढणारं बिनसन इकोरेक. त्यात टेप नाही. फिरणारा ड्रम, त्याच्या कडेवर गुंडाळलेली चुंबकीय तार, भोवती आवाज भरणारं एक हेड आणि पुढं ऐकवणारी चार. भरलेला आवाज फिरत फिरत एकेका हेडसमोर येतो आणि परत वाजतो. म्हणजे सगळा खेळ हेडांमधल्या अंतराचा आणि ड्रमच्या फिरण्याचा. रनआऊट राहिला, म्हणजे ड्रम जरा वाकडा फिरला, की सूर डोललाच. हे लेथ चालवणाऱ्या टर्नरला सांगावं लागत नाही.

वाजवणारेही आमच्या वळणाचेच. वॉटर्स, मेसन आणि राइट हे तिघं लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेले. गिटारवाला सिड बॅरेट चित्रकलेचा. आधी बँडचं नाव 'टी सेट'. एका कार्यक्रमात त्याच नावाचा दुसरा बँड निघाला, तेव्हा सिडनं पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं जोडून टाकली. आमच्याकडं असं झालं असतं तर आधी बॅनर फाटले असते.

डिसेंबर १९६६ मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला, तोही एका आयरिश डान्स हॉलमध्ये. तिथं हे वाजवायचे आणि अंगावर रंग वितळत असायचे. दोन काचांमध्ये रंग आणि तेल, मागं प्रोजेक्टरचा दिवा. दिवा तापला की रंग सरकतो.

हे मी गल्लीतल्या गणपतीला करून बघितलंय. जुना स्लाइड प्रोजेक्टर, गोडेतेल, शाई. दहा मिनिटं झकास चाललं. मग काच तडकली आणि तेल थेट अध्यक्षांच्या पांढऱ्या शर्टावर. पुढची दोन वर्षं मला फक्त वर्गणी मागायला बोलावलं.

सिड गिटारच्या तारांवर सिगारेटचा लायटर घासायचा. माझ्या हातात लायटर घसरतो, म्हणून पितळी रॉडमधनं स्लाइड काढली, म्हणजे बोटात घालून तारांवर घासायची नळी. फेसिंग, आतल्या भोकाचा बोअर, कडा मोडल्या, पॉलिश. गिऱ्हाइकाचं काम ठेवून पाऊण तास त्यातच गेला. जानेवारी १९६८ मध्ये बँडात दुसरा गिटारवाला डेव्हिड गिलमोर आला आणि थोड्याच महिन्यांत सिड बँडबाहेर पडला. त्यानंतरचं मी कमी ऐकतो.

पोरग्यानं बाकावरची स्लाइड उचलली, बोटात घातली, फिरवून बघितली.

"बोअर किती मारलाय?"

"वीस."

"ढिला हुतोय, मालक. मला अठराचा काढा."