ओंडका आपला, फळ्याही आपल्याच

चेनसॉने ओंडका चिरून स्वतःच फळ्या काढायच्या म्हटलं की लोकांचा ठरलेला प्रश्न, म्हणजे लाकूड फुकटच पडतं की! ओंडका फुकट, मान्य, पण तगडा सॉ, लांब बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी), पेट्रोल, ऑइल आणि नंतर धरलेली कंबर हे सगळं धरलं तर सोन्यापेक्षा घडणावळ महाग. पैसेच वाचवायचे असतील तर सरळ वखारीत जावं. त्यात चेनसॉ खादाड. बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारख्या करवतीचं, पातं एका कापाला दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं, चेन आठेक मिलिमीटर खाते, म्हणजे 25 मिलिमीटर जाडीच्या तीन फळ्या निघेपर्यंत जवळजवळ एका फळीचा भुसा झालेला असतो.

तरी लोक करतात, मीही करतो. एक कारण सरळ आहे, ओला जाड ओंडका चार माणसांनाही हलत नाही, मग सॉमिलपर्यंत नेणार कसा? त्यापेक्षा मिलच ओंडक्याकडे न्यायची. या मिलला अलास्कन मिल म्हणतात, नाव भारदस्त, पण ती नुसती एक चौकट, चेनसॉच्या बारला घट्ट धरते आणि फळीची जाडी कायम ठेवते. ही चौकट वरच्या सपाट बाजूवरून सरकते, आणि गोल ओंडक्याला सपाट बाजू असते कुठे, म्हणून पहिल्या कापाला वर शिडी नाहीतर सरळ फळी स्क्रूने बसवायची. इथे घाई केली की संपलं, शिडीला जो पीळ असेल तोच खालच्या प्रत्येक फळीत उतरत जातो. चेनही वेगळी लागते. नेहमीच्या आडव्या कापाच्या चेनला 25-30 अंशाची धार असते, उभं चिरायला 10 अंशाच्या आसपासची बरी पडते, काप सफाईदार येतो. आणि कानस हाताशी हवीच, बार जोर लावल्याशिवाय सरकेना झाला की गपचूप थांबून धार लावायची, रेटत बसायचं नाही. आवाज 100 डेसिबलच्या वर, तेव्हा कानाला मफ, डोळ्याला गॉगल, पायाला चॅप्स, म्हणजे चेनपासून वाचवणारं जाड आवरण, यात चालढकल नको. काप लांबला की मागे पाचरी ठोकत जायचं, नाहीतर वरची फळी बसते आणि बार अडकतो.

पण खरी गंमत फळी उचलताना. वरून काळपट, खडबडीत साल, आत काय असेल काहीच पत्ता नसतो, आणि फळी उलटली की ओलसर चकचकीत लाकूड, त्यावर चेनच्या बारीक कमानी, मध्येच एखाद्या गाठीभोवती वळसा घालून गेलेल्या रेषा. काही लाकडं तर आपण बघत असतानाच हवेने रंग बदलायला लागतात. कधी निळसर काळा डाग दिसतो, तो कितीही देखणा असला तरी भाळायचं नाही, बहुतेक जवळपास खिळा असतो आणि पुढच्या कापात चेनची वाट लागते.

हे सगळं एका दुपारचं काम, पुढे मात्र वाट बघणं. टोकांना लगेच रंग नाहीतर मेण लावायचं, कारण लाकूड टोकांकडून भराभर वाळतं आणि तडकतं. मग फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकीच्या बरोबर खाली दुसरी, वरून वजन, ऊन-पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल अशी जागा. वाळायला जाडीच्या इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज, जात आणि हवेप्रमाणे कमी-जास्त होतो. एवढं करूनही काही फळ्या वाकतातच, लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसतं, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते. गाभ्याची मधली फळी तर तडकणार हे गृहीतच धरायचं, मी ती मधोमध चिरून गाभाच काढून टाकतो, दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या सगळ्यात सरळ राहतात आणि टेबलाच्या पायांना मला त्याच आवडतात.

आणि पार वाकडी झालेली फळी असली तर अख्खी रंधत बसू नका, निम्मी जाडी तिथेच जाते. आधी हव्या त्या लांबीचे तुकडे पाडा, मग रंधा मारा, तुकडा आखूड तेवढा त्यातला वाक कमी. एक लांब बाक नाही झाला तर दोन स्टुलं होतात.