लंडन ते ओल्नी: जॉन न्यूटन यांच्या वाटेने एक दिवस

जॉन न्यूटन म्हणजे आधी गुलामवाहू जहाजाचे कप्तान, मग ओल्नी गावात आणि पुढे लंडनमध्ये पाळक झालेले, 'अमेझिंग ग्रेस' या भक्तिगीताचे कर्ते. त्यांच्या वाटेचा हा फेरा आठवड्याच्या मधल्या दिवशीच ठेवा. लंडनचे सेंट मेरी वूलनॉथ चर्च कचेऱ्यांच्या भागात असल्याने शनिवार-रविवारी सहसा बंद असते. ओल्नीचे म्युझियम थंडीत काही महिने बंद राहते आणि एरवीही रोज उघडत नाही. दोन्हींच्या वेळा आधी जुळवल्या नाहीत, तर एक तरी दार बंद मिळते.

सकाळी बँक स्टेशनला उतरा. लोंबार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच वास्तुविशारद हॉक्समूर यांनी उभारलेले हे चर्च आहे. न्यूटन 1780 पासून 1807 साली मरेपर्यंत इथले पाळक होते. आत भिंतीवरचा फलक सावकाश वाचा. मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता आणि त्यात आपल्या पापाची कबुली आडपडदा न ठेवता दिली आहे.

इथेच एक गैरसमज दूर करून पुढे निघावे. 1748 च्या समुद्री वादळात मन पालटले आणि न्यूटन यांनी लगेच गुलामांचा व्यापार सोडला, असे सर्रास सांगतात. वास्तविक त्यानंतर 1750 ते 1754 या काळात कप्तान म्हणून त्यांनी गुलामवाहू जहाजाच्या तीन सफरी केल्या. समुद्र सुटला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्यांचे पत्रक निघाले 1788 साली. ही चौतीस वर्षे लक्षात ठेवली तरच त्या फलकाचे वजन कळते. 1785 मध्ये तरुण खासदार विल्बरफोर्स राजकारण सोडावे का, हे विचारायला आले, तेव्हा न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहायला सांगितले. विल्बरफोर्स यांनी पुढे तिथे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दिलेल्या लढ्यामागे हा सल्लाही आहे.

बँकहून नॉर्दर्न लाइनने थेट युस्टन, तिथून जलद गाडीने साधारण 35 मिनिटांत मिल्टन कीन्स सेंट्रल. ओल्नीला रेल्वे नाही, पुढे बसच. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरताच टिपून घ्या.

ओल्नीत आधी मार्केट प्लेसवरचे म्युझियम पाहा. हे कवी विल्यम कूपर यांचे घर. (आडनावाचे स्पेलिंग फसवे आहे, उच्चार 'कूपर'च.) मागच्या बागेत त्यांची छोटीशी लिहिण्याची खोली आहे. न्यूटन यांच्या घराकडे जाण्यासाठी मधल्या बागेतून वाट होती आणि तिच्या वापरापोटी वर्षाला एक गिनी (जुने इंग्रजी सोन्याचे नाणे) द्यावी लागे. या शेजारातून 1779 चा 348 भक्तिगीतांचा दोघांचा संग्रह झाला. 'अमेझिंग ग्रेस' त्यातलेच, 1 जानेवारी 1773 च्या उपदेशासाठी लिहिलेले, बायबलमधल्या 1 इतिहास 17:16-17 या ओळींवर आधारलेले. आजची चाल त्याला 1835 साली अमेरिकेत लागली. लेस विणणाऱ्या इथल्या गरीब मंडळींनी ती कधी ऐकली नाही.

न्यूटन राहत ते व्हिकारेज (पाळकाचे निवासस्थान) आता खाजगी घर आहे, बाहेरूनच पाहा. शेजारच्या सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चच्या आवारात आग्नेय कोपऱ्यात न्यूटन आणि पत्नी मेरी यांची कबर आहे. दोघांचे अवशेष 1893 मध्ये लंडनहून इथे आणले. बरेच जण कबर चर्चच्या आत शोधत बसतात.

मराठी वाचकाने गावातले बॅप्टिस्ट चर्च चुकवू नये. याच मंडळीने 1786 मध्ये विल्यम कॅरी यांना प्रचारक म्हणून मान्यता दिली. पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 साली मराठी व्याकरण काढले ते याच कॅरींनी.