खिद्रापूरची सकाळ

दगडी शिल्पांची बाग पाहायची तर ती आखीवरेखीव उद्यानातच असावी, असे मला वाटत नाही. कोल्हापूरहून सुमारे साठ किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर माझ्या दृष्टीने तशीच एक बाग आहे. शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात, काळ्या बेसॉल्टमध्ये ते घडवले गेले. स्वर्गमंडपाचे, म्हणजे मंदिराच्या पुढच्या मंडपाचे, 48 खांब वर्तुळाकार रांगांत उभे आहेत. मधोमध छताला गोल झरोका ठेवलेला असून बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा आहे, आणि सकाळी दहाच्या सुमारास तिच्या कडेला उन्हाची कोर पडलेली पाहताना, इतक्या कठीण दगडाला हे वळण कोणी आणि किती दिवसांत दिले असेल, याच विचारात मी बराच वेळ उभा राहिलो. बाहेरच्या भिंतीचा भार पाठीवर पेलणाऱ्या हत्तींपैकी कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत. (काही भाविक त्यांच्यावर कुंकू का लावतात, हे मला कळलेले नाही.) शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही, तो नदीपलीकडे यडूरला असल्याचे गावकरी सांगतात. बाहेरची शिल्पे मात्र उन्हे कलल्यावरच पाहावीत. तिरप्या प्रकाशात कोरीव कामाची खोली नीट उठून दिसते.