विष गोळीत नसतं

स्कॉटलंडमधल्या एडिनबऱ्यातल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये जा, पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात 16 पेक्षा जास्त गोळ्या मिळणार नाहीत. औषधाच्या दुकानात 32. हा नियम 1998 सालचा. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण आपल्याकडे क्रोसिन नाहीतर डोलोची स्ट्रिप घरात असतेच आणि अंग कसकसलं की कुणालाही न विचारता घेतली जाते. ती घेण्यात गैर काही नाही. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल अतिशय सुरक्षित औषध आहे. पण मात्रा ओलांडली की काय होतं, हे जगाला सर्वांत आधी ज्या शहरांनी सांगितलं त्यांतलं हे एक, आणि मी इथे हाच विषय घेऊन काम करते: पोटात गेलेल्या औषधाचं लिव्हर काय करतं, आणि ते करताना लिव्हरलाच इजा का होते.

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडा भाग मात्र सायटोक्रोम पी-450 या गटातल्या एन्झाइम्सच्या तावडीत सापडतो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा भलताच आक्रमक रेणू तयार होतो. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोन संपत जातं आणि मोकळा राहिलेला हा रेणू पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात, पेशी मरतात. विष गोळीत नसतं. ते लिव्हर स्वतः बनवतं. विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हापासून मला दुसरा विषय सुचलाच नाही.

1966 मध्ये एडिनबऱ्याच्या डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने लिव्हर निकामी झालेले रुग्ण नोंदवले. कारण कळायला 1973 उजाडलं. अमेरिकेत बेथेस्डाला मिचेल, जोलो, जिलेट आणि ब्रॉडी यांनी उंदरांवर दाखवून दिलं की ग्लुटाथायोन सुमारे 70 टक्के घटेपर्यंत लिव्हर तग धरतं, नाश त्यानंतर सुरू होतो. मग ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढलं तर? इथल्याच रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टिअमीन वापरून पाहिलं. त्याने जीव वाचत, पण रुग्णांना उलट्यांचा फार त्रास होई. मग त्यांनी कफ पातळ करायला वापरलं जाणारं एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेतून दिलं. 1979 मध्ये त्यांनी 100 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: पहिल्या 8 तासांत औषध मिळालं तर लिव्हर जवळजवळ हमखास वाचतं. आज जगभर हाच उतारा देतात.

म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. जास्त गोळ्या पोटात गेलेला माणूस पहिल्या दिवशी बरा दिसू शकतो. थोडी मळमळ, बाकी काही नाही. रक्तातले एन्झाइम वाढतात, कावीळ दिसते, ती नंतर, आणि तोवर ते मोलाचे तास निघून गेलेले असतात. चुकून असो वा मनाच्या अंधाऱ्या क्षणी असो, त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

माझं रोजचं काम माणसाच्या लिव्हरपेशींवर चालतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या लिव्हरचा तुकडा रुग्णाच्या संमतीने आम्हाला मिळतो. तो कधी येईल ते ऑपरेशन थिएटरवर अवलंबून, त्यामुळे रात्र लॅबमध्येच जाते. एन्झाइमने पेशी सुट्या करायच्या आणि लगेच प्रयोग लावायचे, कारण प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींमधलं पी-450 काही दिवसांतच ओसरतं. प्राण्यांवर का भागत नाही, असं घरचे विचारतात. त्याचं उत्तर 1993 चं आहे. हिपॅटायटिस बी वरचं फियालुरिडीन हे औषध प्राण्यांवरच्या चाचण्यांतून पार पडलं आणि अमेरिकेतल्या चाचणीत 15 पैकी 5 रुग्ण दगावले, दोघांचं लिव्हर बदलावं लागलं. ते आकडे वाचले की पहाटेपर्यंत जागण्याबद्दल माझी काही तक्रार उरत नाही.

आपल्याकडे औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजेत सर्वांत मोठा वाटा क्षयाच्या गोळ्यांचा. त्या बंद करून चालत नाही, आणि इजा कुणाला होईल हे आधी कळत नाही. आयसोनायझिड हे क्षयाचं औषध पचवणारं एनएटी2 हे एन्झाइम काहींमध्ये संथ चालतं, त्यांना धोका जास्त, आणि भारतात अशी माणसं पुष्कळ आहेत. उपचार सुरू असताना भूक गेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायला हवं. काढे आणि गुळवेल याबद्दलही विचारणा होते. 2021 मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमधली इजा नोंदवली, आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. मला ती नोंद गंभीरपणे घ्यावीशी वाटते. नैसर्गिक असलं तरी त्या रसायनाला लिव्हरमधूनच जावं लागतं.

पुढच्या निधीसाठी मी अर्ज लिहिते आहे तो एनएटी2 आणि क्षयाच्या औषधांवरच. त्यात महाराष्ट्रातल्या रुग्णालयांबरोबर काम करता यावं, अशी माझी फार इच्छा आहे.