शिक्का न पडलेली पुस्तकं

दर डिसेंबरच्या शेवटी आमच्या लायब्ररीत पुस्तकांची मोजणी असते आणि गेली तीन वर्षं मी तिथे मदतीला जाते. एकाने दाखल रजिस्टर घेऊन नंबर वाचायचे आणि दुसऱ्याने कपाटातून ते पुस्तक काढून "आहे" म्हणायचं, इतकं साधं काम. पण त्या निमित्ताने प्रत्येक पुस्तक एकदा हातात येतं आणि हातात आलं की मागचं पान उघडून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. तिथे ती तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, परत करायच्या तारखांचे शिक्के असलेली, ती. काही पुस्तकांची एक चिठ्ठी भरली म्हणून वर दुसरी, तिसरी चिकटवलेली असते, आणि काहींची अशी की वर तीन-चार जांभळे शिक्के आणि खाली सगळं कोरं.

यंदा मी काय केलं, तर ज्या पुस्तकावर पाच वर्षांत एकही शिक्का पडलेला नाही आणि जे मला स्वतःला मनापासून आवडतं, असं प्रत्येक पुस्तक बाजूला काढत गेले. दोन दिवसांत टेबलावर चांगला ढीग झाला. नवीन वर्ष आलं की ओळखीतले चार-पाच जण हमखास विचारतात, या वर्षी काय वाचू, काहीतरी सुचव. तर या वेळी सगळ्यांना मी या ढिगातलीच पुस्तकं सांगणार आहे, आणि इथेही तीच लिहिते.

का, तेही सांगते. लायब्ररीची जागा काही वाढत नाही, पुस्तकं मात्र दर वर्षी येत राहतात. मग कधीतरी कपाटं रिकामी करायची वेळ येते. तेव्हा आधी फाटकी, वाळवी लागलेली, पानं गळालेली पुस्तकं निघतात, आणि तरीही जागा पुरली नाही की मागची चिठ्ठी बघितली जाते. वर्षानुवर्षं कुणी नेलेलं नाही, म्हणजे कुणाला नको असणार, असा साधा हिशोब. त्यात ग्रंथपालांचं काहीच चुकत नाही, त्यांच्याकडे दुसरा पुरावा तरी कुठला असतो? म्हणजे तुम्ही एखादं पुस्तक घरी नेता तेव्हा नुसतं स्वतःसाठी नेत नाही, तर ते पुढच्या माणसासाठी कपाटात राहावं म्हणून मत देता. आपल्या भाषेत वाचणं या एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत, आणि लायब्ररीत ते दोन्ही अर्थ अक्षरशः खरे होतात. पुस्तक वाचलं गेलं तरच वाचतं.

आणि शिक्का नाही म्हणजे पुस्तक वाईट, असं अजिबात नाही हो. बरीच वर्षं आमच्याकडे काउंटरवर नाव सांगून पुस्तक मागायची पद्धत होती, आतल्या कपाटांपर्यंत सभासदांना जाता यायचं नाही. आता विचार करा, माणूस काउंटरवर उभा राहून कुठलं नाव सांगणार? जे आधीच ऐकलंय तेच. त्यामुळे गाजलेली पंचवीस-तीस पुस्तकं सारखी फिरत राहिली आणि बाकीच्यांना कुणी हाकच मारली नाही. मद्रास विद्यापीठात १९२४ साली गणिताचे एक प्राध्यापक ग्रंथपाल झाले, एस. आर. रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा सगळ्यांना पटकन पटतो. पण तिसरा नियम आहे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो, कारण पुस्तक काही उठून वाचकाकडे जाऊ शकत नाही. कपाटं खुली ठेवा, लोकांना हाताळू द्या, हा आग्रह रंगनाथन याच नियमातून धरतात. आमची कपाटं आता खुली आहेत, पण हात अजूनही सवयीने ओळखीच्या नावांकडेच जातो.

असो. आता पुस्तकं.

सगळ्यात आधी स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, पहिला भाग १९३४ साली आला. आमच्या प्रतीवर शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा, आणि तो बघून मला खरंच वाईट वाटलं. नाव माहीत असतं सगळ्यांना, शाळेत एखादा धडा वाचलेला असतो, आणि त्यामुळेच बहुतेक पूर्ण पुस्तक कुणी नेत नाही, वाचल्यासारखंच वाटतं ना. पण तो एक धडा म्हणजे काहीच नाही. ही बाई लग्नानंतर अक्षरं शिकली. नवरा कवी, ना. वा. टिळक, मनस्वी माणूस, कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. एवढं सगळं सोसून ती जे सांगते त्यात कुठे कडवटपणाचा थेंब नाही, स्वतःची कीव नाही, वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याबद्दलही ती असं लिहिते की हसता हसता आपण मधेच गप्प होतो. आणि पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन तिनेच पूर्ण केलं, म्हणजे अक्षरओळखीपासून महाकाव्यापर्यंत! वाक्यं इतकी बोलकी आहेत की कुणीतरी समोर बसून निवडता-टिपता सांगतंय असं वाटतं. जाड पुस्तक आहे म्हणून घाबरू नका, कुठल्याही पानावर उघडा आणि दहा पानं वाचा, मग ते तुम्हाला सोडणार नाही.

आमच्या प्रतीत अजून एक गंमत सापडली. कुणीतरी जुन्या वाचकाने पेन्सिलीने छपाईच्या चुका दुरुस्त केल्यात, अगदी बारीक अक्षरात, राहिलेली वेलांटी, तुटलेला काना, सगळं. एकशे चाळीसच्या आसपास पानांपर्यंत त्या खुणा आहेत आणि मग एकदम थांबल्यात. तो माणूस तिथे थांबला, की पुढे गोष्टीत इतका अडकला की पेन्सिल बाजूला राहिली, कोण जाणे. मी मनाशी दुसरी शक्यताच धरून चालते. (पुस्तकांवर लिहू नका हे मी सगळ्यांना सांगते, पण या माणसावर मला रागावता आलं नाही.)

दुसरं, माझा प्रवास, गोडसे भटजींचं. हे तर दोनच शिक्के घेऊन बसलं होतं. हातात घेतलं तेव्हा शेवटची पानं एकमेकांना वरून जोडलेलीच होती. जुन्या बांधणीत फॉर्मच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाच्या, घड्या कधी कधी न कापताच राहून जायच्या, तशी. म्हणजे दोन माणसांनी ते घरी नेलं पण शेवटापर्यंत कुणीच गेलं नाही. मी फूटपट्टी घालून हळूहळू ती पानं मोकळी केली, कागद इतका सुकलेला की श्वास रोखून काम करावं लागलं, आणि इतक्या वर्षांत त्या ओळी पहिल्यांदा वाचणारी या प्रतीपुरती तरी मीच, हे लक्षात आल्यावर अंगावर काटा आला. गोष्ट अशी की कोकणातला एक गरीब भिक्षुक काकांबरोबर दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघतो, साल १८५७, वाटेतच बंडाची बातमी कानावर येते आणि पुढे तो थेट झाशीच्या वेढ्यात सापडतो. राणीच्या बाजूने किंवा इंग्रजांच्या बाजूने लिहिलेला हा इतिहास नाही, जीव मुठीत धरून गल्लीबोळातून पळणाऱ्या साध्या माणसाने जे डोळ्यांनी बघितलं ते आहे. छापून आलं १९०७ साली, घटना घडून पन्नास वर्षांनी. भाषा पहिली वीस पानं जरा जुनी वाटेल, त्याला इलाज नाही, पण कान बसला की मग एका बैठकीत संपतं. ज्यांना इतिहास आवडतो पण सनावळ्या नको वाटतात त्यांनी जानेवारीत यानेच सुरुवात करा.

वाचनाची सवय तुटलीय, मोबाईलमुळे दोन पानांच्या वर लक्षच लागत नाही, असं सांगणारे खूप जण आहेत आणि मला त्यांची फार काळजी वाटते, कारण ते लोक नवीन वर्षाच्या उत्साहात नेमकं सहाशे पानी काहीतरी नेतात आणि पंधरा दिवसांनी खाली मान घालून परत आणून देतात. त्यांनी प्लीज बनगरवाडी न्या. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. छोटं पुस्तक आहे, एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, बस्स, एवढंच. वाक्यं लहान लहान, एक शब्द जास्तीचा नाही, आणि शेवटी दुष्काळ येतो तेव्हा ती वाडी आपल्याच ओळखीची झालेली असते. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. एक पुस्तक पूर्ण केल्याचा आनंद काय असतो ते विसरलेल्या माणसाला ते पुन्हा आठवलं की पुढचं तो स्वतःच शोधतो.

तितकंच छोटं रणांगण, विश्राम बेडेकरांचं. १९३९ साली आलं, म्हणजे ज्या वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, आणि गोष्ट युरोपातून निघालेल्या एका बोटीवरची, जर्मनीतून जीव वाचवून पळणारे ज्यू त्या बोटीवर आहेत. यापेक्षा जास्त सांगत नाही. उदास करणारं आहे, मन ठिकाणावर नसेल तर फेब्रुवारीपर्यंत थांबा.

आता माझं सगळ्यात लाडकं. दुर्गा भागवतांचं ऋतुचक्र, १९५६ चं. चैत्रापासून एकेका महिन्यावर लेख आहेत, त्या महिन्यात झाडं काय करतात, कुठली फुलं येतात, पानं कशी रंग बदलतात, आभाळ कसं असतं, पक्षी काय करत असतात. हे पुस्तक लोक हातात घेतात आणि एका दमात वाचायला बघतात, आणि मग कंटाळतात, कारण ते तसं वाचायचंच नाहीये. माझा सल्ला असा की महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचायचा, नंतर बाहेर पडून एखादं झाड गाठायचं आणि बाईंनी सांगितलंय ते दिसतंय का ते बघायचं. मी मागच्या वर्षी हे केलं. रोजच्या रस्त्यावर एक झाड होतं, त्याच्याकडे मी इतकी वर्षं मान वर करूनही बघितलं नव्हतं. लेख वाचून गेले आणि खाली उभी राहिले तर कोवळी पानं तांबूस होती, हिरवी नव्हतीच, आणि उन्हात त्यांच्यातून आरपार दिसत होतं. दोन आठवड्यांनी बघितलं तर सगळी हिरवी. म्हणजे तो तांबूस रंग दर वर्षी येऊन जात होता आणि मला पत्ताच नव्हता. त्यानंतर महिनाभर मी त्या झाडाखालून जाताना थांबल्याशिवाय गेले नाही. जानेवारीत सुरू करताय तर पौषापासून सुरू करा, काही बिघडत नाही, चक्रच आहे ते. फक्त लायब्ररीची मुदत पंधरा दिवसांची असते तेव्हा दर महिन्याला दोन-तीन दिवसांसाठी न्या आणि परत करा, चिठ्ठीवर शिक्केही वाढतील आणि मधल्या दिवसांत दुसऱ्यालाही मिळेल.

मुलांसाठी पाडस. मार्जोरी रॉलिंग्जच्या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ कादंबरीला १९३९ चं पुलित्झर मिळालं होतं. जंगलात राहणारा ज्योडी नावाचा मुलगा आणि त्याने पाळलेलं हरणाचं पाडस. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना द्या, पण दिलं की तुम्हीही वाचा, कारण शेवट कठीण आहे आणि तो वाचल्यावर मुलाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. अनुवाद असा की कुठे अडखळायला होत नाही. आमच्याकडे ते मोठ्यांच्या कपाटात ठेवलेलं होतं म्हणून मुलांच्या नजरेलाच पडलं नाही, आता बालविभागात हलवलंय.

घरात कुणाला दिसायला कमी झालं असेल, वाचता येत नसेल, तर बहिणाबाईंची गाणी न्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. बहिणाबाई चौधरींना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता त्या ओव्या रचायच्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक निघालं. तोंडून कानाकडे जायलाच जन्मलेल्या कविता आहेत त्या. मनातल्या मनात वाचल्या तर अर्ध्याच पोचतात.

आकड्यांबद्दल एक शब्द. या वर्षी पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं असे संकल्प करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. आकडा ठरवला की माणूस आपोआप पटकन संपणारी पुस्तकं शोधतो आणि स्मृतिचित्रे पुन्हा कपाटातच राहतं. त्यापेक्षा असं करा, दर वेळी लायब्ररीत गेलात की एक पुस्तक तुमच्या आवडीचं घ्या आणि दुसरं, चिठ्ठी बघून, कोरी चिठ्ठी असलेलं. नाही आवडलं तर परत द्या, शंभर पानांनंतर सोडलं तरी चालेल, लायब्ररीच्या पुस्तकाचं हेच तर सुख आहे की ते सोडताना पैसे वाया गेले असं वाटत नाही. पण नेऊन तर बघा.

ढिगातली पुस्तकं आम्ही दाराजवळच्या टेबलावर मांडलीत आणि प्रत्येकात दोन ओळींचा कागद घातलाय, हे कुणी आणि का वाचावं याचा. त्यातलं रणांगण पहिल्याच दिवशी गेलं. स्मृतिचित्रे एक मुलगी घेऊन गेलीय, कॉलेजात असेल, तिने आधी ती पेन्सिलीची दुरुस्ती बघितली आणि मग म्हणाली, हेच द्या. सात वर्षांपूर्वीच्या त्या शिक्क्याच्या खाली आता १८ जानेवारीचा शिक्का आहे. तुम्हाला हवं असेल तर काउंटरवर नाव लिहून ठेवा, ती परत आणून देईल तेव्हा पुढचा नंबर तुमचा.